दीड बाय तीनचं आभाळ

पहाटे साडेसहा

डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याच्या आधी मी चहाचा कप घेऊन गच्चीवर जातो. व्यायामबियाम काही नाही, आभाळ कसं आहे ते बघायला. माझा धंदा काच-आरशांचा, दुकान शुक्रवार पेठेत. हल्ली बरीच गिऱ्हाइकं एकच वाक्य घेऊन येतात : "खोलीत उजेड नाही हो. मोठा आरसा लावला तर येईल ना?"

येतो, नाही असं नाही. पण आरशाच्या पोटात उजेड नसतो. त्याला समोर जे दिसतं तेच तो देतो. आभाळ दिसलं तर आभाळ, कपाट दिसलं तर कपाट. अंधाऱ्या भिंतीसमोर आरसा टांगला की घरात दोन अंधाऱ्या भिंती होतात आणि बिल मात्र माझ्या नावावर निघतं.

आज आभाळ स्वच्छ, नदीच्या बाजूला थोडं धुरकट. कामं तीन. कोथरूडला आरसा बसवायचा, वाटेत एका सलूनचं माप घ्यायचं, आणि कसब्यातल्या आजींची खोली. तिसरं काम मी आठवडाभर पुढे ढकलतोय, कारण तिथे काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

साडेआठ

भाच्याने शटर वर केलंय. बारावीनंतर माझ्याकडे आला, सहा महिने झाले. हात चांगला आहे, घाई फार.

"मामा, कोथरूडचा कापू?"

"काचेच्या बाजूने. आणि रेघ एकदाच."

आरसा पाठीमागून कापत नाहीत, वरचा थर उखडतो. माझे वडील खऱ्या हिरकणीने कापायचे, लाकडी मुठीत बसवलेला हिऱ्याचा बारीक कण. आता घासलेटात बुडवलेलं पोलादी चाक असतं, पण आमच्या तोंडात शब्द हिरकणीच. रेघ ओढताना चर्र असा अखंड आवाज आला पाहिजे. मध्येच तुटला की समजायचं, काच वेडीवाकडी फुटणार. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा हात फिरवणाऱ्याला वडील टेबलाखालून लाथ मारत.

शब्दांचंच निघालं म्हणून सांगतो. आरशाला काळे डाग पडले की लोक म्हणतात, पारा उडाला. पारा आरशातून केव्हाच गेला. पूर्वी कथिल आणि पारा एकत्र करून काचेला चिकटवत. 1835 मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवायची रीत काढली आणि पुढे पारा मागे पडला. आज माझ्या दुकानातल्या प्रत्येक आरशामागे चांदी आहे आणि तिच्यावर रंगाचे थर. गिऱ्हाईक हे ऐकून डोळे मोठे करतं, तेव्हा सांगावं लागतं की चौरस मीटरला ती एक ग्रॅमच्या आतबाहेर असते, खरवडू नका.

साडेनऊ, कोथरूड

तिसरा मजला, नवराबायको दोघं नोकरीवाले. पलंगासमोरच्या भिंतीवर पेन्सिलने चौकोन काढून ठेवलेला, मोबाइलमधला फोटो बघून. त्या भिंतीसमोर काय, तर गडद तपकिरी वॉर्डरोब.

अशा वेळी मी वाद घालत नाही. खिशात फेरीवाल्याकडून घेतलेला दाढीचा आरसा असतो, तो काढतो. बाईंना म्हटलं, तुम्ही नेहमी बसता तिथे बसा. भाच्याने तो छोटा आरसा त्यांच्या चौकोनात धरला.

"काय दिसतं?"

"कपाट."

मग खिडकीला लागून काटकोनात असलेल्या भिंतीवर धरला, खिडकीपासून हातभर अंतरावर.

"अय्या, खिडकी दिसते!"

झालं. तिथेच लावला. खिडकीच्या बगलेतला आरसा आभाळ तिरकं पकडतो आणि समोरच्या कोपऱ्यात फेकतो, खोलीला जणू दुसरी खिडकी फुटते. साहेबांना तो चौकोन पुसायचं जिवावर आलं होतं, पण बाईंनी खोडरबर आणून दिलं.

चिकटवायला सिलिकॉन वापरतो, पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो तो नाही. त्यातलं आम्ल पाठीचा रंग भेदून चांदी खातं. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एका घरी तोच लावला होता. वर्षभरात आरशावर थेट माझ्या फासलेल्या पट्ट्यांच्या आकाराचे काळे ओरखडे उमटले. नवा आरसा पदरचा दिला.

अकरा, कसबा

वाडा तीन मजली. आजींची खोली तळमजल्यावर मागच्या अंगाला, दहा बाय बारा. भिंती दोन फूट जाडीच्या, पूर्वेला गजांची एकच खिडकी, वर सागवानी तक्तपोशी. शंभर वर्षांच्या धुराने ती तक्तपोशी घोटलेल्या कॉफीसारखी झालीय. शेजारीही पूर्वी वाडाच होता, बुटका. तो पाडून चार मजली इमारत उठली आणि दोन्हींच्या मध्ये चार फुटांचा बोळ उरला. तेव्हापासून खिडकी फक्त त्या इमारतीचा गिलावा बघते.

आजी नव्वदीच्या जवळ. मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसून ताटात तांदूळ निवडत होत्या, बल्ब लावून.

"अहो आरसेवाले, मला बल्बात खडे दिसतात, नाही असं नाही. पण बाहेर सकाळ आहे की दुपार, ते घड्याळाला विचारावं लागतं."

चिरंजीव निवृत्त, हिशेबी. त्यांचं म्हणणं, आरशाने विजेचं बिल किती वाचेल? त्यांना खरं ते सांगितलं. नऊ वॅटचा बल्ब रोज बारा तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिट. बिलासाठी आरसा लावत असाल तर नका लावू. त्यांनी मान हलवली, पण आजींनी ताट खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं, तेव्हा ते गप्प झाले.

भाच्याने दाढीचा आरसा खोलीभर फिरवला. मागची भिंत, बगलेची भिंत, दाराच्या वर, कोनाड्यात. मी आजींच्या शेजारी बसून बघत होतो. सगळीकडे तोच गिलावा. आठवडाभर मी इथेच अडकलो होतो. या खोलीत एकही जागा अशी नाही, जिथून आभाळ दिसतं.

मग मी खिडकीशी गेलो, गजांतून हात बाहेर काढला आणि आरसा आडवा धरून त्यात पाहिलं. दोन भिंतींच्या मधोमध, वर उंच, निळी पट्टी. पट्टी कसली, नाडीच. पण आभाळ ते आभाळ. म्हणजे आरसा आत लावायचाच नाही. बाहेर बोळात, खिडकीच्या उंबऱ्याच्या पातळीला, बाहेरची कड वर उचलून तिरपा ठेवायचा, म्हणजे वरून सरळ पडणारा उजेड वळून आत शिरेल. युक्ती माझी नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या अरुंद गल्ल्यांतल्या कचेऱ्या खिडकीबाहेर असेच तिरपे परावर्तक टांगत. मी एका जुन्या चित्रात ते पाहिले होते, आणि आठवायला आठ दिवस लागले.

पण उजेड आत येऊन पडणार कुठे? त्या कॉफीच्या तक्तपोशीवर? ती सगळा गिळून टाकेल. ताजा पांढरा रंग मिळालेल्या उजेडातला सुमारे चार-पंचमांश परत देतो. हे गिऱ्हाइकांना पटत नाही, पण निम्म्या अंधाऱ्या खोल्यांना माझ्याऐवजी रंगारी लागतो.

"रंग लावता येणार नाही," चिरंजीव म्हणाले. "मालक ओरडेल. लाकूड त्याचं."

आजी म्हणाल्या, "छत बांधा की."

मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, त्या कापडाचं छत म्हणत होत्या. पूर्वी माळ्यावरची माती आणि उंदरांची घाण खाली पडू नये म्हणून तक्तपोशीखाली पांढरं कापड ताणून बांधत. मालकाला विचारायची गरज नाही, लाकडाला हात लागत नाही.

"मांजरपाट आणतो," चिरंजीव उठले.

"आणताय कशाला? ह्यांची धोतरजोडी आहे ना ट्रंकेत. दोन पानं शेजारी शेजारी लावली की झालं."

"आई, बाबांची धोतरं छताला?"

"मग काय, तू नेसणार आहेस?"

पानं पिवळट पडली होती. आजींनी सुनेला हाक मारून नीळ घालून धुवायला सांगितली.

साडेबारा

पुण्यात सूर्य खरा मध्यावर येतो तो घड्याळात साडेबाराला, या दिवसांत. आपली वेळ प्रयागराजजवळच्या रेखांशाची, आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून अर्ध्या तासाचा उशीर. डिसेंबरात तो दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवर. त्याच वेळी वीस-पंचवीस मिनिटं बोळात ऊन उतरलं.

भाच्याने आरसा बाहेर धरला आणि तक्तपोशीवर लख्ख कवडसा पडला. पोरगा खूश. कवडसा आजींच्या ताटावर, देवांवर, कॅलेंडरवर, नाचव नाचव नाचवला. आजीही हसल्या. कवडशाचा खेळ कुठल्या वयाला नको असतो?

"मामा, हाच धरून ठेवला तर? केवढा उजेड!"

"उंबऱ्यावर टेकव आणि हलवू नकोस. आता बघ."

सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. दहा फुटांवरचा कवडसा तेवढ्यात दोन बोटं सरकला. आणखी थोड्या वेळाने कोपऱ्यात गेला, मग ऊनच बोळातून निघून गेलं. शिवाय आरसा एक अंश हलला की कवडसा दोन अंश हलतो, म्हणजे वाऱ्याची झुळूकही पुरते. उन्हाच्या नादी लागलं की आरशापाशी माणूस बसवावा लागतो. आभाळ जागचं हलत नाही. आपण ती निळी नाडी पकडायची. वीस मिनिटं ऊन आलं तर वरकड.

दीड

दुकानात डबा. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. भाच्याने जेवता जेवता मोबाइलवर नॉर्वेतलं र्‍युकान गाव दाखवलं. खोल दरीतलं गाव, सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तिथे ऊन पोहोचत नाही. 2013 मध्ये त्यांनी डोंगरावर सतरा-सतरा चौरस मीटरचे तीन आरसे बसवले. संगणक ते सूर्याबरोबर फिरवतो आणि चौकात उन्हाचा एक तुकडा पडतो. इटलीतल्या विगानेला गावाने 2006 मध्ये हेच एका चाळीस चौरस मीटरच्या आरशाने केलं होतं. व्हिडिओत माणसं काळे चष्मे लावून त्या तुकड्यात उभी होती.

"बघा, ऊन धरलंच की त्यांनी," भाचा म्हणाला.

"त्यांच्याकडे संगणक आहे. आपल्याकडे आजी आहेत."

हे मी गमतीत म्हटलं होतं.

अडीच

वाटेतलं सलून. समोरासमोर दोन आरसे हवेत, म्हणजे लांबच लांब बोगदा दिसेल. दिसेल, पण बोगदा जितका आत जाईल तितका काळपट आणि हिरवट होत जातो. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, उजेड दर फेरीला तिच्यातून जाता येता थोडा हिरवा होतो. मालकाला हिरवा चालेल. माप घेतलं, निघालो.

दुकानात आजींचा आरसा कापला, दीड फूट बाय तीन फूट, पाच एमएम. वजन सव्वापाच किलोच्या आसपास. चारी कडा घासून त्यांवर वॉर्निशचे दोन हात दिले. बोळात पावसाळाभर ओल राहणार, आणि आरशाचं मरण कडेपासूनच सुरू होतं. मग ॲल्युमिनियमची चौकट, मागे ॲल्युमिनियमचाच पत्रा, खालच्या कडेला दोन बिजागऱ्या.

चार

वाड्याच्या चौकात दोरीवर धोतरं वाळली होती, निळीने पांढरीशुभ्र. शिडीवर भाचा, खाली चिरंजीव चुका पुरवतायत. तक्तपोशीच्या फटींतच बारीक चुका ठोकल्या, लाकडाला ओरखडा नाही. दोन पानांत जवळजवळ सगळं छत झाकलं. काठ खोलीच्या मधोमध आले, ते आजींच्या सांगण्यावरून.

आरसा उंबऱ्याबाहेर बिजागऱ्यांवर बसवला, बाहेरच्या कडेला दोरी बांधून ती गजांतून आत घेतली. बोळ कोणाचा हा वाद जुना आहे म्हणतात, म्हणून आरसा दोरी ओढली की भिंतीशी मिटेल असा केला. पहिल्यांदा ठेवला पंचेचाळीस अंशांवर. वरून सरळ आलेला उजेड पंचेचाळिसाला काटकोनात वळून आडवा आत जातो, शाळेतलं गणित.

गणित बरोबर निघालं आणि काम चुकलं. उजेड आडवा आला तो मागच्या भिंतीच्या खालच्या भागावर, थेट आजींच्या डोळ्यांत.

"खुपतंय हो," त्यांनी हात आडवा धरला. आणि तेवढ्यात वरून, बोळातून, बाईचा आवाज आला.

"अगं बाई! आजी ना तुम्ही? भांडीवाल्या?"

समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक काकू खाली वाकून आमच्या आरशात बघत होत्या. त्यांना आरशातून आजी, आजींना आरशातून काकू. आरशाचा रस्ता दुहेरी असतो. आपल्याला जो दिसतो, त्याला आपण दिसतो. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी बजावतो, खास करून न्हाणीघराच्या बाबतीत. आज माझंच लक्ष नव्हतं. मी घाईने दोरी ओढायला गेलो.

"थांबा," आजी म्हणाल्या. मग वर, आरशाला उद्देशून : "तुम्ही कुकरवाल्या होय? पाच शिट्ट्या करता?"

"डाळ जुनी असली की पाच. तुम्ही पहाटे भांडी घासता, मी त्यावर उठते."

दोघी कितीतरी वर्षं एकमेकींना आवाजाने ओळखत होत्या. चिरंजीव शिडी धरून उभे, भाचा शिडीवर, मी दोरी हातात घेऊन. आरसा कोणाचा, कशाला, उन्हाची तिरीप आमच्या घरात येणार नाही ना, हे सगळं काकूंनी विचारून घेतलं. संक्रांतीला या, असंही ठरलं. कोणी कोणाकडे यायचं, ते ठरलं नाही. आजींना आता जिना चढवत नाही.

मग आरसा तीस अंशांवर उतरवला. उजेड उचलला गेला. तो आता आजींच्या डोक्यावरून छताच्या मागच्या अर्ध्यात, धोतरांवर पडला आणि तिथून मऊ होऊन खाली झिरपला. लख्ख वगैरे नाही. खोली ढगाळ दिवसाच्या ओसरीसारखी झाली. भाच्याने न विचारता बल्ब बंद केला. आजींनी ताट मांडीवर घेतलं, बोटाने तांदूळ पसरले, एक खडा उचलला, खिडकीकडे धरून पाहिला.

"वरून काही दिसतं का हो?" मी काकूंना ओरडून विचारलं.

"आता नुसतं छत आणि फोटो!"

मागच्या भिंतीवर वरच्या अंगाला आजोबांचा फोटो आहे. ठीक. आजी दिसत नाहीत, काम झालं. दोरीला तीस अंशांवर गाठ मारून मी गजाच्या खिळ्यात अडकवली. चिरंजीवांना सांगितलं, दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. तिरप्या आरशावर धूळ फार बसते, एक थर बसला की उजेड घटलाच. आणि दयाळ किंवा बुलबुल येऊन आरशाला चोची मारायला लागला तर घाबरू नका, तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतो, विणीचा काळ संपला की थांबतो.

"आणि इथे अजून एक गाठ मारा," आजी म्हणाल्या.

"कशाला?"

"मघाशी होता तसा ठेवायला. कुकरवाल्यांशी बोलायचं असलं की."

पंचेचाळिसाला दुसरी गाठ मारली. माझ्या धंद्यात एकाच आरशाला अशा दोन जागा मी पहिल्यांदा केल्या.

पावणेसहा

हत्यारं आवरेपर्यंत नाडी करडी झाली. छतावरचा उजेड धोतरांच्या काठांपाशी थोडा रेंगाळला, मग खोली पुन्हा सकाळची होती तशी. यात आरशाचा दोष नाही, बाहेरही तेच चाललं होतं. सुनेने देवाजवळ निरांजन लावलं, बल्ब लावला.

पैशांचा हिशेब करताना चिरंजीवांनी शंभर कमी केले, मी पन्नासांवर आणले. भाच्याने शिडी खांद्यावर घेतली.

आम्ही चौक ओलांडून दिंडीदरवाजापाशी आलो, तेवढ्यात मागे चिरंजीवांचा आवाज ऐकू आला, "अगं आई, तिन्हीसांजेला आरशात बघू नये म्हणतेस ना तू?"

"स्वतःचं तोंड बघू नये," आजी म्हणाल्या, आणि बिजागरी करकरली.